हिरवळीचे पाणी आणि हंड्याचे पाणी

दरवर्षी होळी होऊन गेली की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक चौकट दिसू लागते. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांत किती पाणी उरले याचे आकडे त्या चौकटीत असतात. चैत्र सरतो, वैशाख तापू लागतो आणि आकडा खाली उतरत जातो. मग महापालिकेची आवाहने निघतात. दाढी करताना नळ सोडून ठेवू नका, शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करा, मोटारी नळीने धुऊ नका, बागेला भर दुपारी पाणी घालू नका. एवढ्याने भागले नाही म्हणजे कपात येते. २०२३ साली १ जुलैपासून दहा टक्के कपात झाली. २०२४ साली ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के झाली. पुढे पाऊस कोसळतो, तलाव भरून वाहू लागतात, कपात मागे घेतली जाते आणि पाण्याचा विषय पुढल्या होळीपर्यंत बासनात बांधला जातो.

या साऱ्या खटाटोपामागे एक गृहीत दडलेले असते. शहरातील प्रत्येक माणूस पाणी सारखेच वापरतो, तेव्हा टंचाईच्या दिवसांत प्रत्येकाने सारखीच काटकसर करावी, असे ते गृहीत आहे. आवाहनाचा मजकूर मलबार हिलच्या बंगल्यासाठी जो असतो तोच गोवंडीच्या वस्तीसाठीही असतो. परंतु ज्या घरात नळच नाही त्या घराने नळ बंद ठेवायचा तो कसा? जिथे सगळ्या कुटुंबाची आंघोळ एका पिंपात उरकते, तिथे शॉवर टाळण्याचा उपदेश कोणी कोणाला करायचा? बचतीचे आवाहन वाईट आहे असे कोणीच म्हणणार नाही. पण बचत कोणी, किती आणि कशातून करायची, हा प्रश्न पुढे येतो तेव्हा शासनाची आणि पालिकेची वाचा बसते. वास्तविक पाणीप्रश्नाचा गाभा याच प्रश्नात आहे.

एका हिरवळीचे गणित

उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायला किती पाणी लागते, याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मे महिन्यांत जमिनीतून व गवताच्या पात्यांतून मिळून दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडून जाते. ते भरून काढायचे तर दर चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी घालावे लागते. म्हणजे हजार चौरस मीटरच्या, जेमतेम पाव एकराच्या, हिरवळीला रोज पाच हजार लिटर पाणी हवे. भर उन्हात नळी सोडून दिली, पाणी रस्त्यावर वाहून गेले, तर हा आकडा आणखी फुगतो.

आता दुसरा आकडा पाहावा. मुंबई महापालिकेने झोपडपट्टीतील माणसासाठी वर्षानुवर्षे जो निकष वापरला तो दरडोई, दररोज ४५ लिटरचा. इमारतीतील माणसासाठी हाच निकष १३५ ते १५० लिटरपर्यंत जातो. पाच हजारांना पंचेचाळीसने भागले की उत्तर येते एकशे अकरा. पाव एकराची एक खासगी हिरवळ वैशाखाच्या एका दिवसात एकशे अकरा माणसांचे पिण्याचे, स्वयंपाकाचे, धुण्याचे आणि आंघोळीचे पाणी पिऊन टाकते. बरे, या माणसांना तरी ते ४५ लिटर सुखासुखी मिळते काय? पाच माणसांच्या घराला दिवसाला सव्वादोनशे लिटर म्हणजे पंधरा-पंधरा लिटरचे पंधरा हंडे होतात. हे पंधरा हंडे रांगेत उभे राहून भरायचे, डोक्यावर वा कमरेवर घेऊन चढ चढायचा, आणि पुन्हा खाली यायचे. हे काम घरातील बाईचे, नाही तर शाळा बुडवणाऱ्या मुलीचे. हिरवळीकडे पाणी नळीतून चालत जाते. वस्तीत ते माणसाच्या मानेवरून जाते.

ही हिरवळ मुळात या मातीतली नव्हे. वर्षभर रिमझिम पाऊस आणि सौम्य ऊन असलेल्या इंग्लंडात ती आपोआप वाढते. साहेबाने ती आपल्या बंगल्याभोवती आणि जिमखान्याभोवती इथे लावली, कारण त्याला घरची आठवण येत होती आणि पाणी घालणारे हात स्वस्तात मिळत होते. साहेब गेला, पण हिरवळ प्रतिष्ठेची खूण म्हणून मागे राहिली. सह्याद्रीच्या उतारावरचे गवत मृगाच्या सरींनी उगवते, भाद्रपदात कमरेएवढे होते आणि दसऱ्यानंतर पिवळे पडू लागते. उन्हाळ्यात ते वाळते, आणि त्यात त्याचे काहीच बिघडत नाही. पहिल्या पावसाने ते पुन्हा उठते. ज्या प्रदेशात वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत पडतो, तिथे मे महिन्यात हिरवीगार असलेली जमीन ही निसर्गाची देणगी नसते. दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे पाणी तिथे मुरलेले असते.

टक्क्यांतील समता

कपात टक्क्यांत केली जाते. दहा टक्के म्हणजे सर्वांना दहा टक्के, यात अन्याय कुठे आला, असे विचारले जाते. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु १५० लिटरमधून पंधरा लिटर गेले तर एक बादली कमी होते. बागेचे पाणी किंवा मोटार धुण्याचे पाणी थांबवून ती सहज भरून काढता येते. ४५ लिटरमधून साडेचार लिटर गेले तर ते पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्यातून जातात, कारण त्या घरात कमी करण्याजोगे दुसरे काही उरलेलेच नसते. उपवास सर्वांना सारखाच असतो असे म्हणणाऱ्याने भरल्या पोटाचा उपवास आणि उपाशी माणसाचा उपवास यांतील अंतर विसरू नये.

शिवाय कागदावरची दहा टक्के कपात प्रत्यक्षात सर्वांना दहा टक्केच लागते, हेही खरे नाही. मुंबईत बहुतेक भागांत पाणी दिवसाकाठी काही तासच येते. कपात म्हणजे तास कमी होणे किंवा दाब कमी होणे. ज्या इमारतीत जमिनीखाली मोठी टाकी आहे, पंप आहे, रखवालदार आहे, ती इमारत मिळालेल्या वेळात आपली टाकी भरून घेते. जलवाहिनीच्या अगदी शेवटच्या टोकाला किंवा टेकडीच्या उतारावर जी वस्ती आहे, तिथे दाब कमी होताच पाणी चढत नाही. घाटकोपर, भांडुप, मालाड येथील टेकड्यांवरच्या वस्त्यांना हा अनुभव नवा नाही. त्यांच्यासाठी दहा टक्के कपातीचा अर्थ काही दिवस शंभर टक्के कपात असाच होतो. टेकडीवर पाणी चढतच नाही असेही नाही. मलबार हिल हीसुद्धा टेकडीच आहे. तिच्या पोटात एकोणिसाव्या शतकात जलाशय बांधला गेला आणि १८८१ साली त्यावर बाग फुलवली गेली. प्रश्न टेकडीच्या उंचीचा नाही, तीवर राहणाऱ्यांच्या उंचीचा आहे.

पाणी अपुरे की वाटणी अपुरी?

मुंबईला पाणीच कमी पडते, लोकसंख्येचा लोंढा आवरत नाही, मग पालिका तरी काय करणार, असा सूर नेहमी लावला जातो. हा सूर आकड्यांवर घासून पाहिला पाहिजे. सात जलाशय काठोकाठ भरले म्हणजे त्यांत सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर उपयुक्त साठा होतो. शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी दिले जाते. म्हणजे भरलेले तलाव जेमतेम एका वर्षाची बेगमी करतात. पाऊस पंधरा दिवस लांबला की धास्ती वाटावी, हे साहजिक आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. आज ती दीड कोटी धरली तरी दरडोई २६० लिटर पाणी रोज शहराच्या दाराशी येते. गळती आणि चोरी यांत चौथा ते तिसरा हिस्सा जातो असे मानले जाते. तिसरा हिस्सा वजा केला तरी सुमारे १७३ लिटर उरतात. त्यातून कारखाने, कचेऱ्या आणि हॉटेले यांचा वाटा काढला, तरीही प्रत्येक माणसाला शंभर लिटरहून अधिक पाणी देता येईल एवढा ऐवज शिल्लक राहतो. तेव्हा वस्तीतील माणसाला ४५ लिटरचा निकष लावणे आणि तेही वेळेवर न देणे, ही निसर्गाची अवकृपा नाही. तो वाटणीचा निर्णय आहे, आणि निर्णय बदलता येतात.

ज्यांना हे ४५ लिटरही अधिकृतपणे दिले जात नव्हते अशांची संख्या लहान नव्हती. ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना नळजोडणी द्यायची नाही, असा शासनाचा दंडक होता. झोपडी बेकायदा म्हणून तहानही बेकायदा, असा त्याचा सरळ अर्थ. पाणी हक्क समितीने या दंडकाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे एवढ्यावरून तो नाकारता येणार नाही. कायदा पाळणाऱ्यांइतकेच पाणी याच दराने द्यावे असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. अधिक दर लावण्याची मुभा त्याने पालिकेला ठेवली. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण पालिकेने आणले ते २०२२ साली, म्हणजे निकालानंतर सात वर्षे उलटून गेल्यावर.

या मधल्या वर्षांत या माणसांनी पाणी विकत घेतले. घरगुती वापराचे पालिकेचे पाणी हजार लिटरला पाच-सहा रुपयांच्या आसपास पडत आले आहे. पंधरा लिटरचा हंडा नुसत्या पाच रुपयांना मिळाला असे धरले तरी हजार लिटरला ३३३ रुपये पडतात, म्हणजे पन्नास-साठ पट. ज्याच्याकडे कमी आहे तो अधिक किंमत मोजतो, आणि ज्याच्याकडे हिरवळ आहे त्याला पाणी स्वस्त पडते. गरिबांना सवलती दिल्यामुळे पालिका बुडते अशी ओरड करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

इतर शहरांचा धडा

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. कॅलिफोर्नियात दुष्काळाच्या चौथ्या वर्षी, १ एप्रिल २०१५ रोजी, राज्यपाल जेरी ब्राउन यांनी शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के घट करण्याचा हुकूम काढला. पाच कोटी चौरस फूट हिरवळ काढून तिथे कमी पाण्याची झाडे लावण्याची तरतूद त्याच हुकमात होती. नेवाडा राज्याने २०२१ साली कायदा करून लास व्हेगासच्या परिसरातील केवळ शोभेची, कोणी पायही न ठेवणारी हिरवळ काढून टाकण्याचे ठरवले. खासगी मालमत्तेचे सोवळे जिथे सर्वांत कडक पाळले जाते, त्या देशातही हिरवळ हा पाण्याचा पहिला बळी ठरला. आपल्याकडे हे कोणी सुचवले तर त्याला विकासाचा शत्रू ठरवले जाईल!

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनची कथा अधिक बोलकी आहे. २०१५ पासून सलग तीन वर्षे पाऊस तुटल्यावर १ फेब्रुवारी २०१८ पासून तिथे दरडोई दररोज ५० लिटरची मर्यादा घालण्यात आली. बागांना पालिकेचे पाणी वापरण्यास बंदी झाली. नळ पूर्ण बंद करून ठरावीक केंद्रांवर माणशी २५ लिटर पाणी वाटण्याची वेळ येईल, त्या दिवसाला ‘शून्य दिवस’ असे नाव पडले. नागरिकांनी कसोशीने काटकसर केली, पुढे पाऊसही पडला आणि तो दिवस टळला. सामुदायिक संयमाचा हा विजय होता यात शंका नाही. परंतु ज्या ५० लिटरच्या कल्पनेने सुखवस्तू केपटाऊनकर हादरले, तेवढ्यातच शहराच्या झोपडवस्त्या वर्षानुवर्षे दिवस काढत होत्या. पुढे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की केपटाऊनमधील सुमारे १४ टक्के श्रीमंत व उच्च मध्यमवर्गीय लोक शहराच्या निम्म्याहून अधिक पाणी वापरतात, तर ६२ टक्के गरिबांच्या वाट्याला २७ टक्के येते. टंचाईच्या काळात ज्यांना परवडले त्यांनी आपल्या आवारात कूपनलिका खोदल्या आणि बागा राखल्या. वर्णद्वेषी राजवट जाऊन दोन तपे उलटली होती, पण तिचा नकाशा जलवाहिन्यांत शाबूत होता.

आपल्या शेजारच्या बंगळुरूवर हीच वेळ मार्च २०२४ मध्ये आली. तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने बागकाम, वाहने धुणे, कारंजी आणि बांधकाम यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली आणि ती मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठेवला. क्रिकेटच्या मैदानासाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी देण्याची व्यवस्था झाली. या घटनेला एक पूर्वपीठिका आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागवण्यासाठी मिरजेहून पाण्याची आगगाडी धावली. दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ती १२ एप्रिलला लातुरात पोचली. त्यापूर्वी मार्चमध्येच पाण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून तिथे जमावबंदी लावावी लागली होती. आगगाडी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावेत. अंतिम सामना मुंबईहून बंगळुरूला गेला. मैदानावरचे गवत ओले ठेवणे आणि माणसाचा घसा ओला ठेवणे यांत प्राधान्य कशाला, हे सांगायला न्यायालय लागले. ते निवडून आलेल्या सरकारने सांगायला हवे होते.

त्या वेळी या आदेशाची खूप टिंगल झाली. मैदानांवर वाचलेले पाणी लातूरला थोडेच जाणार होते, असे विचारले गेले. उसाकडे बोट दाखवले गेले. राज्याच्या पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा घेतो, ही गोष्ट केंद्रीय कृषिमूल्य आयोगानेही नोंदवलेली आहे. ते खरेच आहे, आणि साखरेच्या राजकारणाला हात घातल्याशिवाय महाराष्ट्राचा पाणीप्रश्न सुटणार नाही, हे निर्विवाद आहे. परंतु मोठा अन्याय दूर होईपर्यंत लहान अन्यायाला हात लावू नये, हा युक्तिवाद नेहमी मोठ्या अन्यायाचेच रक्षण करतो. ज्या समाजाला चाळीस दिवस हिरवळ सोडवत नाही, तो उसाला पाणी नाकारण्याचे धैर्य कुठून आणणार?

घरातील काटकसर

येथे पुरोगामी मंडळींनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. थेंब थेंब वाचवण्याच्या गोष्टी म्हणजे मध्यमवर्गीय चाळा, खरा प्रश्न व्यवस्थेचा, असे म्हणून घरातील काटकसरीकडे तुच्छतेने पाहण्याची सवय अनेकांना लागली आहे. ती चुकीची आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी घालवतो, म्हणजे वस्तीतील माणसाच्या दिवसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा. जुन्या पद्धतीची संडासाची टाकी एका वेळी दहा लिटरहून अधिक पाणी ओतते. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर घेतो, तर एका बादलीत स्वच्छ आंघोळ होते. घरोघर बसवलेली शुद्धीकरण यंत्रे एक लिटर पाणी गाळताना अनेकदा दोन-तीन लिटर मोरीत सोडतात. मुंबईच्या तलावांच्या पाण्यात विरघळलेले क्षार मुळातच थोडे असतात. जिथे लिटरमागे असे क्षार ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तिथे ही यंत्रे नकोत, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली म्हटलेही. ते मोरीत जाणारे पाणी भांडी-लादीसाठी साठवणे कोणाही घराला अवघड नाही.

ज्या माणसाला आपल्या घरातील नळ नीट बंद करावासा वाटत नाही, त्याने समतेवर व्याख्यान दिले तर त्यावर कोणी विश्वास ठेवावा? साधेपणा हा समाजवादी आचाराचा भाग होता आणि राहिला पाहिजे. तथापि या काटकसरीचे ओझे घरात कोण वाहतो, हेही पाहिले पाहिजे. पाणी कमी आले की पहाटे उठून पिंपे भरणारी बाईच असते. धुण्या-भांड्याला येणाऱ्या मोलकरणीकडे पाहिले तर या प्रश्नाचे सारे अंतर्विरोध एका ठिकाणी दिसतात. सकाळी ती स्वतःच्या वस्तीत चार हंड्यांसाठी दीड तास उभी राहते. नंतर ती सातव्या मजल्यावर जाते, आणि तिथे नळाखाली भांडी विसळताना पाणी फार वापरतेस म्हणून बोलणी खाते. खिडकीतून खाली पाहावे तर माळी हिरवळीवर नळी धरून उभा असतो. पाण्याची किंमत त्या घरात सर्वांत अधिक कोणाला कळत असेल तर ती तिलाच.

करायचे काय?

उपाय गूढ नाहीत. पहिला उपाय कपातीचा क्रम बदलण्याचा. टंचाई जाहीर होण्याची वाट न पाहता दरवर्षी १ फेब्रुवारीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत खासगी हिरवळी, पोहण्याचे खासगी तलाव, कारंजी आणि वाहने धुणे यांसाठी पिण्याच्या पाण्यावर कायम बंदी असावी. त्यानंतरही कमी पडले तर इमारतींना कपात लागावी. ज्यांना दरडोई किमान पाणीही मिळत नाही, त्यांना कपातीतून पूर्णपणे वगळावे. आज शेपटाकडून सुरू होणारी कपात उद्या डोक्याकडून सुरू झाली पाहिजे.

दुसरा उपाय दराचा. प्रत्येक जोडणीला मीटर हवा आणि वापर वाढेल तसा दर चढत गेला पाहिजे. गरजेपुरते पाणी जवळजवळ फुकट आणि चैनीचे पाणी महाग, हे तत्त्व असावे. आम्ही पैसे मोजतो, मग आमच्या पाण्याशी तुम्हाला काय करायचे, असे हिरवळीचे मालक म्हणतात. त्यांना सांगितले पाहिजे की त्यांनी मोजलेली किंमत धरणाची नाही, बुडालेल्या जंगलाची नाही, उठवलेल्या माणसांचीही नाही. आमचे पाणी कूपनलिकेचे आहे, पालिकेचे नव्हे, हाही बचाव टिकत नाही. जमिनीखालचे पाणी कुंपण ओळखत नाही. एका आवारातून उपसलेले पाणी शेजारच्या विहिरीतूनच आलेले असते.

तिसरा उपाय सांडपाण्याचा. मुंबई रोज दोन हजार दशलक्ष लिटरहून अधिक सांडपाणी निर्माण करते आणि त्यातील बहुतांश जुजबी प्रक्रिया करून समुद्रात सोडले गेले. सात ठिकाणी मिळून २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रांची कामे २०२२ साली हाती घेण्यात आली. त्या पाण्याचा वापर उद्याने, मैदाने, बांधकामे आणि कारखाने यांनी केलाच पाहिजे अशी सक्ती आधीपासून नसेल, तर अब्जावधी रुपये खर्चून स्वच्छ केलेले पाणीही समुद्रालाच मिळेल. पावसाचे पाणी साठवण्याची अट मुंबईत मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना २००२ पासून आहे. हजार चौरस मीटरच्या छपरावर मुंबईच्या एका पावसाळ्यात वीस लाख लिटर पाणी पडते. किती इमारतींत ही व्यवस्था केवळ परवानगीच्या कागदापुरती आहे, याची तपासणी पालिकेने करून ती जाहीर करावी.

चौथी गोष्ट उद्यानांची. सार्वजनिक बाग आणि खासगी हिरवळ एकाच मापाने मोजता येणार नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला बागेतील अर्धा तास हीच मोकळी हवा असते, आणि ती त्याच्याकडून हिरावून घेणे हा दुष्टपणा ठरेल. परंतु त्याला गवतापेक्षा सावली अधिक हवी असते. वड, कडुनिंब, करंज, बहावा ही इथली झाडे एकदा मुळे धरली की रोजच्या पाण्यावाचून उन्हाळा काढतात. बहावा तर ऐन वैशाखात फुलतो. माळ्याचे काम यामुळे जाणार नाही. हातातील नळी जाऊन तिथे रोप येईल, एवढेच.

आणि शेवटी, हे पाणी येते कुठून, याचा विसर शहराला पडता कामा नये. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. धरण त्यांच्या डोळ्यांसमोर, जलवाहिनी त्यांच्या शेतालगत, आणि पाणी शंभर किलोमीटरवरच्या मुंबईला. ज्यांच्या जमिनीवर शहराची तहान भागते, त्यांच्या पाड्यांपर्यंत नळ नेण्याचा खर्च शहराने उचलला पाहिजे. तो दानधर्म नव्हे. ती थकलेली देणी आहेत.

या महाराष्ट्राला पाण्याचा लढा नवा नाही. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून रिकामे हंडे घेऊन बायकांचे मोर्चे नेणाऱ्या मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले, आणि १९७७ साली त्या लोकसभेवर निवडून गेल्या तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा साऱ्या मुंबईच्या तोंडी झाली. पाणी हे कोणाच्या मेहेरबानीने मिळायची वस्तू नसून तो माणुसकीचा व नागरिकत्वाचा हक्क आहे, हेच या साऱ्यांनी आपापल्या काळाला बजावले.

तळ्यावर आज जातीचा पहारा उघडपणे उभा नसतो. तो जलवाहिनीच्या व्यासात, पाण्याच्या दाबात, निकषांच्या आकड्यांत आणि झोपडीच्या तारखेत लपलेला असतो, म्हणून तो हटवणे अधिक कठीण आहे. पुढल्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत पुन्हा ती चौकट येईल आणि पुन्हा काटकसरीचे आवाहन निघेल. त्या वेळी प्रत्येक वॉर्डातील नागरिकांनी पालिकेकडे एकच माहिती मागावी : या वॉर्डात बागांना व हिरवळींना किती पाणी जाते, आणि वस्त्यांना किती? ही दोन आकड्यांची यादी वॉर्ड कचेरीच्या दारावर लावायला भाग पाडले, तर कपात कोणापासून सुरू व्हावी हे सांगण्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज पडणार नाही.